वर्गात बसून सेफ्टी येते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘एचएसईची (म्हणजे आरोग्य, सुरक्षा आणि पर्यावरण या विषयाची) पदवी कोणी करावी’ या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. हल्ली लोक अंगठा दाखवून पुढे सरकतात. तुम्ही चांगलंच झापलंय, पण मुद्देसूद झापलंय, म्हणून उत्तरही जरा लांब होणार.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमचं म्हणणं असं की सेफ्टी प्लँटवर शिकायची गोष्ट आहे, वर्गात नाही. पदवीवाली पोरं हेल्मेटचे फोटो काढतात, एक्सेल भरतात आणि कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे ते फिटरला विचारतात. कायद्याला पदविका पुरते, गल्फला पंधरा दिवसांचा कोर्स पुरतो, आणि मी मात्र पालकांना खर्चात पाडते आहे. वर दोन प्रश्न: ‘मॅडम, रात्रपाळी कधी केलीय का?’ आणि ‘स्वतःच्या घरातल्या पोराला पाठवाल का?’

रात्रपाळीचं आधी. नाही केली. मी शिफ्टवर होते तेव्हा कारखाने अधिनियमाचं कलम 66 बाईला सकाळी 6 च्या आधी आणि संध्याकाळी 7 च्या नंतर कारखान्यात उभंच राहू देत नव्हतं. तेव्हा हा टोमणा मला नको, कायदा करणाऱ्यांना मारा. दिवसपाळ्या मात्र भरपूर केल्या. रसायनशास्त्रात बीएस्सी, मग उत्पादनात सुपरवायझर, मग सुरक्षेची पदविका आणि संसार-नोकरी सांभाळून पदव्युत्तर पदवी, असा माझा क्रम. म्हणजे तुम्ही म्हणता तो रस्ता मी चाललेली आहे, आणि त्यानंतरचाही.

कायद्याबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि ते मी लेखातही लिहिलं होतं. महाराष्ट्राचे सुरक्षा अधिकाऱ्यांचे 1982 चे नियम पाहिले तर इंजिनिअरिंगची पदवी किंवा पदविका, नाहीतर पदार्थविज्ञान वा रसायनशास्त्राची पदवी लागते. त्यावर कारखान्यात सुपरवायझर म्हणून काही वर्षांचा अनुभव आणि शासनमान्य औद्योगिक सुरक्षा पदवी किंवा पदविका. शिवाय बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती यायला हवी. (ही शेवटची अट मला सगळ्यात आवडते. टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या चार सूचना, इंग्रजीत देणाऱ्यांना ती कुणीतरी वाचून दाखवावी.) यातली ग्यानबाची मेख अशी की तीन वर्षांची ‘बीएस्सी फायर अँड सेफ्टी’ ही पदार्थविज्ञानाचीही पदवी नव्हे आणि रसायनशास्त्राचीही नव्हे. बारावीनंतर ती करून सुरक्षा अधिकारी होऊ म्हणणाऱ्या मुलाची फसगत होऊ शकते. इथे मी तुमच्याच बाजूला आहे. मात्र नोव्हेंबर 2025 पासून कारखाने अधिनियमाच्या जागी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेत सुरक्षा अधिकाऱ्याची अट 1000 कामगारांवरून 500 वर आली आहे, आणि धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यासाठी 250 वर. मागणी वाढेल. 249 कामगारांचे कारखानेही वाढतील म्हणा.

आता मुख्य मुद्दा, अनुभवाचा.

इंग्लंडमधलं फ्लिक्सबरो तुम्हाला माहीत असेलच, पण इतरांसाठी सांगते. तिथल्या रासायनिक कारखान्यात सायक्लोहेक्झेन या चटकन पेट घेणाऱ्या द्रवाच्या सहा रिअ‍ॅक्टरची, म्हणजे प्रक्रियेच्या मोठ्या भांड्यांची, रांग होती. मार्च 1974 मध्ये पाचव्याला तडा गेलेला दिसला. तो काढून चौथा आणि सहावा एका तात्पुरत्या पाइपने जोडायचं ठरलं. रिअ‍ॅक्टर एकापेक्षा एक खाली बसवलेले, त्यामुळे पाइपला दोन ठिकाणी वाक द्यावा लागला. रिअ‍ॅक्टरची तोंडं 28 इंची, पाइप मिळाला 20 इंची, दोन्ही टोकांना बेलोज (घड्यांचे लवचीक जोड), खाली आधाराला परांचीचे पाइप. ड्रॉइंग म्हणाल तर वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेलं, तेवढंच. 1 जून 1974 ला तो पाइप निखळला आणि स्फोटात 28 माणसं गेली. कंट्रोल रूममधले तर सगळे, अठराच्या अठरा. शनिवार होता म्हणून एवढ्यावर भागलं.

हे काम करणारे नवखे नव्हते. त्यांनी आयुष्यभर पाइप जोडले होते, आणि त्यांचं वेल्डिंगही काही वाईट नव्हतं. पण वाकवलेल्या पाइपवर आतल्या दाबाने आडवा जोर किती येईल, बेलोज तो सोसतील का, हे गणित कुणी मांडलंच नाही. ते मांडू शकणारा वर्क्स इंजिनिअर आधीच नोकरी सोडून गेला होता आणि जागा रिकामी होती. अशा वेळी अनुभवी माणूस उलट जास्त निर्धास्त असतो, कारण आजवर त्याने जोडलेला एकही पाइप निखळलेला नसतो.

आणि हे काही फक्त जुन्या काळातलं नाही. विशाखापट्टणमला 7 मे 2020 च्या पहाटे एलजी पॉलिमर्समधून स्टायरिन, म्हणजे प्लास्टिक बनवायचं रसायन, बाहेर पडलं. लॉकडाऊनमध्ये माल टाकीत पडून होता. तापमान मोजलं जात होतं ते टाकीच्या तळाशी, आणि तापत होता तो वरचा थर. काही महिन्यांपूर्वी पाइपिंग बदललं होतं, त्यामुळे आतला माल नीट ढवळला जात नव्हता. स्टायरिन स्वतःहून पॉलिमर होऊ नये म्हणून घालायचं रसायन कमी पडलेलं. गळती झाल्यावर सायरनसुद्धा वाजवला गेला नाही. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरला आकडा ठीकच दिसत होता, आणि त्याच्या दृष्टीने तो ठीकच होता! आकडा खरा, पण टाकीतल्या मालाबद्दल काहीच न सांगणारा. असं का होतं, ते टाकी उभारण्याआधी कसं ओळखायचं, बदल करताना कुणाला विचारायचं, याचाच एक आख्खा पेपर असतो पदवीला. पदविकेतही असतो, नाही असं नाही. पण एका वर्षात कायदा, आग, यंत्रं, वीज, बांधकाम सगळं उरकायचं म्हटल्यावर त्याच्या वाट्याला किती तास येणार?

तुमच्या प्रतिक्रियेत आणखी एक गोष्ट मला खटकली. तुम्ही सगळीकडे फक्त ‘सेफ्टी’ लिहिलंय. एचएसईतला पहिला एच, म्हणजे हेल्थ, तुमच्या पत्रात नाहीच. आपल्याकडे तो बहुतेक कारखान्यांतही नसतो, वर्षाकाठी एकदा मेडिकल कॅम्प लावला की झालं.

पदव्युत्तर पदवीच्या प्रोजेक्टसाठी मी एका कारखान्यात धूळ मोजत होते. क्वार्ट्झ असलेली फिलर पावडर, 25 किलोच्या गोण्या, हॉपरमध्ये (मोठ्या नरसाळ्यात) ओतायच्या. तिथल्या जुन्या, खरोखर हुशार सुपरवायझरने हॉपरवर धूळ खेचणारा छान हूड बसवून घेतला होता. ओतताना धूळ सुर्रकन आत जायची. कामगाराच्या कमरेच्या पट्ट्याला छोटा पंप लावला, नळी पाठीवरून खांद्यावर घेतली आणि कॉलरजवळ सायक्लोन अडकवला. त्यात जाड कण खाली पडतात आणि फुप्फुसात खोल जाणारे तेवढे फिल्टरवर बसतात. पाळी संपल्यावर फिल्टर वजन करायला गेला आणि आकडा मर्यादेच्या वर आला. सुपरवायझर म्हणाला, तुमचा पंप बिघडलाय.

म्हणून हॉलमधले दिवे मालवून बॅटरीचा झोत आडवा टाकला आणि काम बघत बसलो. गोणी ओतली, हूडने धूळ खेचली, सगळं ठीक. मग त्या माणसाने रिकामी गोणी झटकली, छातीशी धरली, आतली हवा निघावी म्हणून दोन्ही हातांनी दाबली आणि घडी घातली. झोतात पांढरा लोट थेट त्याच्या तोंडावर आला. दिवे लावले तर काहीच दिसेना.

कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत श्वासात जाणाऱ्या क्वार्ट्झच्या धुळीची मर्यादा काढायचं सूत्र होतं: 10 भागिले, क्वार्ट्झची टक्केवारी अधिक 2. धुळीत 18 टक्के क्वार्ट्झ असेल तर मर्यादा यायची घनमीटरमागे अर्धा मिलिग्रॅम. एवढी बारीक आणि एवढी थोडी धूळ नुसत्या डोळ्याला दिसत नाही, मग अनुभव कितीही असो. या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, दिसायला सहसा दहा-दहा वर्षं जातात. तो कळवायच्या आजारांच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे कळवणं कायद्याने बंधनकारक. पण तोवर त्या कामगाराचे चार ठेकेदार बदललेले असतात, कोण कुणाला कळवणार? अपघात झाला की निदान पंचनामा तरी होतो.

फोटो काढणाऱ्या पोरांबद्दल माझी तक्रार तुमच्याइतकीच आहे. पण त्यांना कागदी घोडे नाचवायला बसवतं कोण? ऑडिटच्या आदल्या रात्री रजिस्टरं भरून घेणारे साहेबच ना? पाट्या टाकणारे पदविकेतूनही निघतात आणि पंचवीस वर्षांच्या नोकरीतूनही निघतात.

गल्फचं थोडक्यात. तुम्ही म्हणता तो कोर्स, म्हणजे नेबॉशचं सर्टिफिकेट, चांगलं आहे, ब्रिटनचं ते मंडळ 1979 पासून आहे, आणि तिकडे ते चालतं. पैसे हवे असतील तर खुशाल करावं. ते पदवी नव्हे आणि आपल्याकडच्या नियमातल्या पदविकेच्या जागीही चालत नाही, एवढं माहीत असलं म्हणजे झालं.

दुकानं उघडली आहेत हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य. म्हणून प्रवेशाआधी विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का ते बघावं. मग कॉलेजात जाऊन प्रयोगशाळा दाखवा म्हणावं. सॅम्पलिंग पंप, ध्वनिमापक, गॅस डिटेक्टर आहेत का, आणि ते शेवटचे कधी कॅलिब्रेट केले, म्हणजे आकडा बरोबर दाखवतात का ते तपासलं? हा प्रश्न विचारला की निम्मी कॉलेजं विषय बदलतात. शिकवणाऱ्यांपैकी कुणी कारखान्यात काम केलंय का, हेही विचारावं.

राहिला घरातल्या पोराचा प्रश्न. माझी पुतणी बारावी सायन्सला आहे आणि तिला यातच यायचंय. तिला सांगितलंय की आधी केमिकल इंजिनिअरिंग कर, मग निदान दोन वर्षं प्लँटवर काढ, आता रात्रपाळीसुद्धा मिळेल, आणि मग सुरक्षेत एमटेक कर. मधली दोन वर्षं वगळता येतील का, असं ती विचारत होती. नाही म्हटलं. तुमच्याकडे ओळखीने कुठे ट्रेनी म्हणून जागा निघाली तर जरूर कळवा.