पार्ट बदलला, नंबर तोच

बंटीच्या मोटरसायकलच्या इंजिनचं हेड खोलल्याची बातमी सकाळीच पेठेत फिरली होती. त्यामुळं संध्याकाळी कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता.

"सप्लायर!" बंटीनं आल्या आल्या निकाल दिला. एवढ्या उकाड्यातही रायडिंग जाकीट अंगात. "कंपनीची काय चूक? इंजिन वर्ल्ड क्लास आहे. बाहेरनं घेतलेला माल डबडा निघाला. आमच्या रायडर ग्रुपवर सगळे तेच म्हणतात."

सुन्या शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. त्याला हे ऐकवलं नाही. "बाहेरनं म्हंजे कुठनं रे? आमच्यासारख्यांकडनंच की. ड्रॉइंग कंपनीचं, मटेरियल कंपनी सांगणार, हार्डनेस किती, तेपण तीच. पहिले नग पास करणार तेच आणि दर वर्षी रेट कमी करा म्हणून मानेवर बसणार तेच. माल चांगला निघाला की टाकीवर नाव कंपनीचं, बिघडला की सप्लायर व्हय?"

अप्पा मिस्त्रींनी फडक्यात गुंडाळलेला बंटीच्या गाडीचा जुना कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, काढला. वॉरंटी संपली होती म्हणून तरी तो हातात आला. वॉरंटीत बदललेला पार्ट सर्व्हिस सेंटरवाले आपल्याला देत नाहीत. त्याच्या एका लोबच्या, म्हणजे उंचवट्याच्या, टोकावर खवले उडालेले, नख फिरवलं तर अडकत होतं. अप्पांनी बारीक कानस शेजारच्या लोबच्या टोकावर ओढली. घसरली. मग खराब लोबच्या टोकालाच, पण अगदी कडेला, जिथं व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर घासत नाही तिथं ओढली. चावली, आणि चकचकीत कीस पडला.

"हितं कडक थर बसलाच नाही," अप्पा म्हणाले. "सर्व्हिसवाला म्हणतोय, ऑइल वेळेवर बदललं नाही. ऑइल न बदलल्यानं लोखंड झिजतंय, मऊ पडत नाही."

"एखादाच पीस असेल असा," बंटी म्हणाला.

"एखादा?" सुन्या उसळला. "मर्दा, भट्टीत वितळवलेल्या प्रत्येक घाण्याला हीट नंबर असतोय. कुठला दिवस, कुठली शिफ्ट, सगळं लिहिलेलं. आमचं कास्टिंग ब्लोहोलसाठी, म्हंजे आत हवेची भोकं राहिली म्हणून, परत आलं की मागनं पैसे कापल्याची डेबिट नोट येती, बॅच नंबरासकट. कुठला माल कुठल्या गाड्यांत गेलाय हे कंपनीला ठाऊक असतंय. फक्त गिऱ्हाइकाला सांगायचं नसतंय."

मला हेच खुपतं. चूक कुठल्याही भट्टीत होते, ती लपवायचं मात्र कुणीतरी टेबलावर बसून ठरवतं. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डनं २,३६,९६६ गाड्या ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलसाठी परत बोलावल्या. कॉइल बाहेरच्या सप्लायरचीच, पण कुठल्या महिन्यांतली ते कंपनीनं जाहीर सांगितलं. उलट अमेरिकेत जनरल मोटर्सच्या मोटारींतला, चालत्या गाडीत आपोआप बंद होणारा, डेल्फी या सप्लायरचा इग्निशन स्विच २००६ मध्ये गुपचूप सुधारला आणि पार्ट नंबर तोच ठेवला. रिकॉल, म्हणजे गाड्या परत बोलावणं, झालं २०१४ मध्ये. भरपाई निधीनं मान्य केलेले मृत्यू १२४.

"आपल्याकडं पण कायदा आहे," वकील दिग्या म्हणाला. "मोटार वाहन कायदा, कलम ११०-अ, सदोष गाड्या परत बोलवायचं. १ एप्रिल २०२१ पासनं लागू. दंड १० लाख ते १ कोटी."

"पुढं वाच की," सुन्या म्हणाला. "माणसाला नाहीतर पर्यावरणाला धोका असला तर. कॅम झिजून माणूस मरत नाही, खिसा मरतो. तिथंच सुटतात हे."

"आणि घाटात ट्रकच्या पुढं बंद पडली तर?" अप्पांनी विचारलं.

दिग्या गप्प झाला. शाहू स्टेडियमवर पेनल्टी बाहेर मारल्यापास्नं हा अवघड वेळी गप्पच होतो, असं बंटी म्हणाला, आणि झालं! बॉल ओला होता की बूट फाटका, पेनल्टी मुळात कुणी मारायची ठरली होती, सुन्याला कोचनं का बसवलं, सगळी जुनी मढी उकरून झाली. दिग्या अजूनही बॉल ओला होता यावर ठाम आहे.

अप्पांनीच गाडी रुळावर आणली. "बंटी, सरकारकडं तक्रार टाक. एकट्याचं कोण बघत नाही, ठरलेल्या आकड्याएवढ्या तक्रारी झाल्या की बघावंच लागतंय."

"टाकतो की. आजच टाकतो."

"मालकाच्या नावानं टाकायला लागंल," दिग्याला कंठ फुटला. "आरसी कुणाच्या नावावर आहे?"

बंटी जाकिटाची चेन खाली-वर करायला लागला. "मामांच्या."

"सासऱ्याच्या? गोव्याला जाऊन येतो म्हणून मागून आणलेलीस ती अजून तुझ्याकडंच?" अप्पांनी विचारलं.

"त्यांना इंजिनचं काय बोलू नका हं अप्पा. गाडी एकदम ओके आहे म्हणून सांगितलंय मी."

सुन्यानं कॅमशाफ्ट त्याच्या हातात दिला. "घे. हे घेऊन कंपनीत जा. बिघाड लपवायला तुझ्यासारखाच पायजे त्यांना, नोकरी पक्की!"