आधी कापा, मग द्या

पगार हातात यायच्या आधीच कर कापलेला! "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायची सोयच नाही. पगारपत्रकावर वरचा आकडा एक, खालचा भलताच. आणि ज्यांची संपत्ती शेअर्समध्ये आहे त्यांचं काय? शेअर दुप्पट होवोत नाहीतर चौपट, विकले नाहीत तोवर ते 'उत्पन्न'च नाही म्हणे. मग विकायचे कशाला? तारण ठेवा, कर्ज काढा, ऐश करा. कर्जावर कुठे आयकर लागतो! २०११ मध्ये अमेरिकेतले अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी स्वतःच लिहिलं, की आयकर आणि पगारावरचे कर धरून माझा दर १७.४ टक्के, आणि माझ्या ऑफिसातल्या बाकी २० जणांचा सरासरी ३६. अब्जाधीशाला खटकलं, कायद्याला खटकत नाही! वर पुन्हा आम्हालाच ऐकवायचं, गरीब कुठे आयकर भरतात? अहो, साबणापासून चपलेपर्यंत दर बिलात कर मोजतातच की ते. तिथे कोणी उत्पन्न विचारतं का? आणि श्रीमंतांचा दर वाढवायचं नुसतं नाव काढा, लगेच रडगाणं सुरू: "ते देश सोडून जातील हो!" जाऊ देत ना. आम्हाला साधी दोन दिवसांची रजा मागायची तर साहेबाचं तोंड बघावं लागतं.