होडी तीच, जाळं वेगळं

"एकेका कामाला एकेक विमान घ्या. सगळं करणारं राफेल म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या!" गेला आठवडाभर हा मजकूर मालवणातल्या आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. पाठवणाऱ्यांत आमचे काकाही आहेत, म्हणून जरा सविस्तर.

त्यात पहिलं उदाहरण आहे मिग-२९केचं: 'फक्त हवेत लढणारं, म्हणून अस्सल.' ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, तारकर्लीला कानात बोटं घालून आपण ज्याच्याकडे बघत होतो, तेच हे. मूळ मिग-२९ हवाई लढाईचं, हे खरं. पण नौदलाचं 'के' जहाजांवर क्षेपणास्त्रंही सोडतं. म्हणजे टाळ्या वाजवल्या त्या बहुउद्देशीय विमानालाच!

'सगळं करणाऱ्याला काहीच नीट येत नाही' म्हणे. मिराज-२००० मुळात शत्रूची विमानं अडवायला बनलं. जून १९९९ मध्ये त्यालाच नेम धरणारा पॉड (विमानाच्या पोटाखाली टांगायचं यंत्र) आणि लेसर बॉम्ब लावून टायगर हिलवर मारा केला. बांगड्याचं जाळं वेगळं, सुरमईचं वेगळं. त्यासाठी दुसरी होडी कोण बांधतो?

'जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर कसं, हल्ल्याला सी हॉक, पाणबुडी शोधायला अलीझे!' होतं खरं. पण १० डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी स्टारफायटरने एक अलीझे पाडलं. त्या संथ, पंख्याच्या विमानाचा जेटपुढे काय निभाव लागणार? शिवाय जहाजावर जागा मोजकी. नव्या विक्रांतवर हेलिकॉप्टरं धरून तीसेक. त्यात चार जातींची विमानं आणि चौघांचे सुटे भाग कोंबणार कुठे? एप्रिल २०२५ मध्ये करार झालेलं नौदलाचं राफेल तर जोडीच्या विमानाला हवेत इंधनही देऊ शकतं.

फक्त जमिनीवरच्या माऱ्यासाठी बनलेल्या अमेरिकेच्या ए-१० विमानाची तोफ जबरदस्तच, वाद नाही. पण आधी आकाश मोकळं करून द्यायला दुसरी विमानं लागतात.

एक मात्र मान्य. तासन्‌तास समुद्रावर घिरट्या घालत पाणबुडी हुडकणं राफेलचं काम नव्हे; त्याला गोव्याच्या हंसा तळावरचं पी-८आय हे टेहळणी विमानच हवं. आणि खरी अडचण त्या मजकुरात आलेलीच नाही, ती वैमानिकाची. हवाई लढाई, जमिनीवरचा मारा, जहाजावरचा हल्ला, या सगळ्यांचा सराव एकाच माणसाने करायचा, आणि त्याच्या वाट्याला उड्डाणाचे तास तेवढेच.