मध, इम्पेटायगो आणि सोलापूरचा दाखला

सप्रेम नमस्कार,

सोलापुरात भाजलेले रुग्ण मधाने बरे झाले असताना मुलांच्या इम्पेटायगोवर (जंतूंमुळे त्वचेवर खपल्या धरणारा संसर्गजन्य आजार) मध लावू नका असे मी माझ्या लेखात का लिहितो, घरगुती औषधांचे मला वावडे आहे का, असे आपण विचारले आहे. वावडे मुळीच नाही; उलट, मध केवळ साखरेच्या जोरावर जंतूंना रोखतो हे त्या लेखातले माझे विधान अपुरे होते. मधमाशीने मधात मिसळलेले ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम), जखमेच्या पाझराने मध पातळ झाला की जंतुनाशक हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागते, आणि मधाची आम्लताही जंतूंना मानवत नाही.

डॉ. सुब्रह्मण्यम यांचा १९९१चा सोलापूरचा अभ्यास मलाही ठाऊक आहे: १०४ रुग्ण, निम्म्यांना मध, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे भाजल्यावर लावायचे नेहमीचे औषध; मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या. पण त्या भाजल्याच्या जखमा होत्या आणि त्यांवर पट्टी बांधलेली होती. इम्पेटायगोची खपली बहुधा नाकाखाली नाहीतर ओठाच्या कडेला धरते (पाठ्यपुस्तके तिला मधाच्या रंगाची म्हणतात, हा निव्वळ योगायोग). तिथे पट्टी टिकत नाही, आणि तीन वर्षांचे मूल लावलेला मध पाच मिनिटांत चाटून टाकते, उरलेला बाहीला पुसते. खपलीखालचे स्टॅफिलोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस जंतू मात्र जागच्या जागी राहतात आणि मुलाच्या हातांनी भावंडांपर्यंत पोहोचतात. थोड्याशा खपल्यांवर म्युपिरोसिन या प्रतिजैविकाचे मलम या आजारातच पारखले गेले आहे; मधाबद्दल तसे म्हणता येत नाही.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या बाबतीत तर मी अजिबात तडजोड करणार नाही. मधात बोट्युलिझम या बाळाला लुळे पाडणाऱ्या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, घरी मध गरम करून ते मरत नाहीत, आणि गालावर लावलेला मध तोंडात जायला वेळ लागत नाही. जखमांसाठी मिळणारा वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. स्वयंपाकघरातल्या बरणीतला नसतो. आपण सुचवलेल्या प्रोपोलिसने (मधमाश्यांनी गोळा केलेला चिकट राळेसारखा पदार्थ) काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून तेही नको.

आणखी एक: खपल्यांसोबत बोटांच्या बेचक्यांत रात्री खाज सुटत असेल, तर मुळात खरूज असू शकते, आणि तिचा उपचार घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावा लागतो. इम्पेटायगोनंतर कधीकधी मूत्रपिंडालाही त्रास होतो; म्हणून चेहऱ्यावर सूज आली किंवा लघवी गडद झाली, तर ते तपासायला त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

मोठ्या मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर, स्वच्छ धुऊन, पट्टीखाली मध लावण्याला माझी हरकत नाही. साखरेबद्दलचे ते वाक्य मूळ लेखात आज दुरुस्त केले आहे.