अण्णांची पद्मिनी आणि लांबीचा डबा

गेल्या आठवड्यात सोलापूरहून थोरल्या भावाचा व्हिडिओ कॉल. मागे गॅरेज, पुढे अण्णांची १९८१ सालची पद्मिनी, पेंटरच्या हातात खड्डे भरायच्या लांबीचा डबा. पुतण्याचं लग्न आहे; नवरदेव याच गाडीतून सिद्धेश्वराच्या पाया पडायला जाणार, म्हणून ती नवीकोरी करायची. मी इथून, स्टुटगार्टहून ओरडलो, "दादा, थांबव त्याला!" दादा म्हणाला, "काय बे, गंजकी गाडी वरातीत काढायची व्हय?"

गंजकी कशाला म्हणायचं, भांडण तिथंच आहे. ड्रायव्हरच्या दाराचं हँडल धरताना अण्णांची अंगठी पत्र्याला घासायची. वीस-पंचवीस वर्षांत तिथला रंग उडून चंद्रकोरीएवढा तपकिरी पत्रा उघडा पडलाय. क्लचच्या पेडलचं रबर डाव्या कडेला झिजलंय. लांबी भरली, पॉलिश पेपर फिरवला, वर स्प्रे मारला की अण्णा गेले.

इथं जर्मनीत गाडी तीस वर्षांची झाली की नंबराच्या शेवटी 'एच', म्हणजे ऐतिहासिक गाडीची खूण, मिळू शकतो. तपासणारा मूळपणा बघतो; वापराच्या खुणा त्याला चालतात, आरपार सडलेला पत्रा चालत नाही. मला हा फरक पटतो. फ्लोअर सडला असेल तर कापून नवा पत्रा वेल्ड करावा, ब्रेकचे पाइप बदलावेत. तिथं माया नको. बाकी ठिकाणी सुटा गंज ब्रशनं काढायचा आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन जास्तीचं पुसून घ्यायचं. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, त्याची साय धरते. पुसलेली फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, आपोआप पेटतात.

इथल्या लोकांचं सगळंच गोड मानू नका. मीठ-व्हिनेगर लावून नव्या पत्र्यावर मुद्दाम गंज चढवणारेही इथंच भेटतात. त्यापेक्षा आपला पेंटर प्रामाणिक.

दादाची बाजूही मला दिसते. आपल्याकडे २०२१ च्या नियमानं विंटेजचा मान पन्नाशीनंतर. तोवर गाडी नुसती जुनी, दर पाच वर्षांनी पासिंगला न्यायची, तीही दादानं. मी स्टुटगार्टात बसून हळवा होतो, बॅटरी तो बदलतो. गंमत म्हणजे गाडी टिकवायला हवा त्याच्याकडचीच बरी. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीचं पोट खातं. सोलापूरच्या कोरड्या उन्हात पत्रा वर्षानुवर्षं तग धरतो.

काल फोटो आला. गाडी पांढरीशुभ्र. हँडलमागचा तेवढा तुकडा टेप लावून सोडलेला, आणि खाली दादाचा मेसेज: "जवसाचं तेल कच्चं चालतंय का उकळलेलंच लागतंय?"