जेल केसांना लावायचं असतं

घर फोंड्यात किंवा म्हापशात असेल आणि बारावीतला पोरगा रोज अर्धा तास आरशासमोर घालवत असेल, तर त्याला आयटीआयला घालून वाया दवडू नका. पोरांचा बँड काढा.

गाता येतं का, हे विचारू नये. एक गोरा, एक लाजरा, एक विनाकारण रागावलेला आणि एक नाचणारा असला की झालं. पाचवा गातो. तो बहुधा दिसायला बेताचा असतो, त्याला मागे उभा करावा.

आमच्या भाच्याचा बँड चवथीला सार्वजनिक गणपतीच्या मांडवात पहिल्यांदा उभा राहिला. गोव्याची हवा, वर हॅलोजन. तिसऱ्या गाण्याला गोऱ्याच्या केसांतलं जेल विरघळून कानशिलावरून गालावर आलं, त्याने ते बोटाने टिपलं आणि पुढच्या रांगेतल्या मुली किंचाळल्या: रडतोय गो तो! त्या रात्री पाचही जण स्टार झाले. गाणं कुठलं होतं, ते आजही कुणाला सांगता येत नाही.

आता मालकी. यातले गुरू अमेरिकेतल्या ऑर्लँडोचे लू पर्लमन. १९९३ मध्ये त्यांनी बॅकस्ट्रीट बॉइज हा पाच पोरांचा बँड उभा केला, व्यवस्थापक म्हणून वाटा घेतला आणि वर सहावा गडी म्हणूनही घेतला. १९९५ मध्ये एनसिंक या दुसऱ्या बँडची पोरं हाताशी धरली, म्हणजे एक दुकान बसलं तरी दुसरं चालू. १९९८ मध्ये बॅकस्ट्रीटवाले पैशांवरून त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेले. इथपर्यंत जरूर गिरवा. पुढे गुंतवणूकदारांना गंडवल्याबद्दल २००८ साली त्यांना २५ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६ मध्ये ते कैदेतच वारले. जेल केसांना लावायचं असतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

तुमचा खरा वैरी म्हणजे दाढी. पोर्तो रिकोच्या मेनुडो या पोरांच्या बँडने त्यावर रामबाण काढला होता: सोळा भरले की घरी, जागी नवा पोरगा. रिकी मार्टिन त्यात आला तो बाराव्या वर्षी. आपल्या संगीत नाटकवाल्यांनाही आवाज फुटण्याची धास्ती होतीच म्हणा. पण मंगेशीच्या दीनानाथांसारखा पोरगा चुकूनही घेऊ नका. कोवळ्या वयात किर्लोस्कर मंडळीत शिरले, स्त्रीभूमिका गाजवल्या आणि १९१८ मध्ये, विशीही गाठली नव्हती, तर भागीदारांबरोबर बळवंत संगीत मंडळी काढून मोकळे. गळाही स्वतःचा, कंपनीही स्वतःची. मालकाने खायचं काय?

उतरती कळा यायला फार वेळ लागत नाही. दुसऱ्या चवथीला मुली कॉलेजात गेलेल्या असतात. गोरा आता मोबाइलचे कव्हर विकतो. ज्या मुलीने त्याचा फोटो वहीत ठेवला होता, ती परवा दहा रुपयांसाठी त्याच्याशी घासाघीस करून गेली.

अशा वेळी धीर सोडू नये. न्यू किड्स ऑन द ब्लॉक हे अमेरिकेतले बँडवाले १९९४ मध्ये फुटले, २००८ मध्ये पुन्हा जमले आणि चाहत्यांना घेऊन क्रूझवर निघाले. आमचा भाचाही बोटीवर गेला, हाऊसकीपिंगला. गेल्या सुट्टीत सांगत होता, "मामा, कुठल्याशा जुन्या बँडची ट्रिप होती. डेकवर पन्नाशीचे बाप्ये नाचत होते नि चाळिशीच्या बायका रडत होत्या." तो तेव्हा त्यांच्या केबिनमध्ये टॉवेलचे हत्ती करत होता. सोंड छान जमते त्याला.