ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी : सर्वत्र फिरणाऱ्या एका दाव्याचा प्रतिवाद

संगणकावर गेम अडखळू लागला की काय करावे, या प्रश्नाचे एक ठरावीक उत्तर वर्षानुवर्षे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले आहे. त्याचा आशय असा : गेम अडखळतो म्हणजे ग्राफिक्स कार्ड कमी पडते, विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये (संगणकाचा कोणता भाग किती वापरात आहे हे दाखवणाऱ्या साधनात) प्रोसेसरचा वापर ३०-४० टक्केच दिसतो, म्हणजे प्रोसेसर निर्दोष आहे, सेटिंग्ज खाली आणूनही फरक पडला नाही, तर कार्डाची क्षमता संपली आहे, सरासरी एफपीएस (दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेम्सची, संख्या) चांगला असूनही झटके बसत असतील, तर तेही कार्ड जुने झाल्याचेच लक्षण आहे, आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) अद्ययावत असेल, तर नवे कार्ड घेण्यावाचून इलाज नाही. हे सांगणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मला वाटत नाही. परंतु गेमिंग संगणकातला बहुधा सर्वांत महाग भाग पुराव्याविना बदलायला लावणारा हा सल्ला आहे, आणि त्यातले एकेक विधान तपासले की ते टिकत नाही.

पहिला मुद्दा प्रोसेसरच्या वापराचा. गैरसमजाचे मूळ येथेच आहे, म्हणून त्यावर थोडे थांबावे लागेल. पडद्यावर दिसणारी प्रत्येक फ्रेम दोन टप्प्यांतून जाते. पात्रांच्या हालचाली, वस्तूंच्या टकरींचे गणित, शत्रूंचे निर्णय आणि शेवटी काय काय रेखाटायचे याच्या आज्ञा, हे सारे प्रोसेसर तयार करतो. त्या आज्ञांनुसार प्रत्यक्ष चित्र काढण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. दोघांपैकी ज्याला अधिक वेळ लागतो त्याच्या गतीने फ्रेम्स बाहेर पडतात आणि दुसरा त्याची वाट पाहत बसतो. टास्क मॅनेजरमध्ये दिसणारा प्रोसेसरचा आकडा मात्र सर्व लॉजिकल प्रोसेसरांची, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्र कामे चालवू शकणाऱ्या त्याच्या भागांची, मिळून काढलेली सरासरी असते. १६ थ्रेड (म्हणजे असे १६ भाग) असलेल्या प्रोसेसरमध्ये एकच थ्रेड पूर्ण भाराने चालत असेल, तर त्या सरासरीत त्याचा वाटा केवळ ६.२५ टक्के भरतो. बहुतेक गेममध्ये एका मुख्य थ्रेडवर, म्हणजे क्रमाने चालणाऱ्या कामांच्या एका साखळीवर, बाकीची कामे अवलंबून असतात. इतर थ्रेड कितीही मोकळे असले तरी त्या एकाचे काम उरकल्याशिवाय पुढची फ्रेम तयार होत नाही. त्यामुळे ३५ टक्के वापर दाखवणारा प्रोसेसर त्या गेमपुरता पूर्णपणे थकलेला असू शकतो.

यावर काही जण सुचवतात की टास्क मॅनेजरचा आलेख लॉजिकल प्रोसेसरांनुसार वेगवेगळा करून पाहावा आणि एखादा १०० टक्क्यांवर आहे का ते तपासावे. सूचना चांगली आहे, पण अपुरी आहे, कारण विंडोज एकच थ्रेड क्षणाक्षणाला वेगवेगळ्या कोअरवर (प्रोसेसरच्या गणना करणाऱ्या भागांवर) हलवत असते आणि त्यामुळे पूर्ण भरलेला असा एकही आलेख दिसेलच असे नाही. अधिक विश्वासार्ह खूण दुसऱ्या बाजूला सापडते. एफपीएसवर कोणतीही मर्यादा घातलेली नसताना आणि व्ही-सिंक (फ्रेम्सची गती मॉनिटरच्या गतीशी जुळवणारी सोय) बंद असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर ९७-९९ टक्क्यांच्या आसपास असेल, तर कार्ड आपल्या पूर्ण क्षमतेने काम करत आहे. तोच वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर कार्ड बराच वेळ रिकामे बसून आज्ञांची वाट पाहत आहे. ९९ टक्के वापर पाहून घाबरणारे आणि ६० टक्के वापर पाहून कार्ड बिघडले असे समजणारे, दोघेही त्या आकड्याचा उलटा अर्थ लावतात.

दुसरे विधान तर वस्तुस्थितीच्या नेमके विरुद्ध आहे. सेटिंग्ज खाली आणूनही एफपीएस वाढत नसेल, तर कार्ड कमी पडत नाही, असा त्याचा अर्थ होतो. रेझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणले की प्रत्येक फ्रेममधील पिक्सेलांची संख्या सुमारे २०.७ लाखांवरून ९.२ लाखांवर येते, म्हणजे कार्डाला रंगवाव्या लागणाऱ्या पिक्सेलांचा भार निम्म्याहूनही कमी होतो. प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ तेवढेच राहते. इतका भार उतरवूनही एफपीएस जागचा हलत नसेल, तर अडथळा कार्डात नाही, हे त्याच क्षणी सिद्ध होते. उलट एफपीएस लक्षणीय वाढला, तर अडथळा कार्डातच होता, आणि त्या स्थितीत मूळ दाव्याचे म्हणणे बरोबर आहे हे मी मान्य करतो.

ही चाचणी करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तुलना गेममधल्या एकाच ठिकाणी, एकाच दृश्यात झाली पाहिजे. मोकळ्या माळावरचा आकडा आणि गजबजलेल्या बाजारातला आकडा शेजारी ठेवून काहीही कळत नाही. दुसरे असे की, सगळ्या सेटिंग्ज कार्डावरच भार टाकतात असे नाही. गर्दीची घनता, किती दूरवरच्या वस्तू दाखवायच्या हे अंतर आणि काही गेममध्ये सावल्या व रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढणे) या गोष्टी प्रोसेसरलाही कामाला लावतात. म्हणून चाचणीत फक्त रेझोल्यूशन बदलावे आणि बाकी सर्व तसेच ठेवावे. याच कारणाने डीएलएसएस किंवा एफएसआर सुरू करूनही फरक न पडल्याची तक्रार अनेकदा ऐकू येते : ही तंत्रे कमी रेझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठे करतात, म्हणजे कार्डाचे ओझे हलके करतात, आणि तेथे ओझे मुळातच नव्हते.

अडथळा प्रोसेसरच्या बाजूला निघाला म्हणून लगेच नवा प्रोसेसर घ्यावा असेही नाही. प्रोसेसरला माहिती पुरवणारी रॅम बऱ्याच वेळा अर्ध्या क्षमतेने चालत असते आणि वापरणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. ३२०० गतीच्या डीडीआर४ रॅमची एकच पट्टी लावली असेल, तर सैद्धांतिक कमाल वेग सेकंदाला २५.६ गिगाबाइट मिळतो. तशाच दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या की तो ५१.२ गिगाबाइट होतो. शिवाय डब्यावर ३२०० लिहिलेली रॅम बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी ही रॅमला लिहिलेल्या गतीने चालवणारी सेटिंग सुरू केल्याशिवाय अनेकदा २१३३ किंवा २४०० या मूळ गतीनेच चालते. मी तपासलेल्या एका संगणकात दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये बसवलेल्या होत्या आणि त्यामुळे दोन्ही एकाच चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरपर्यंतच्या माहितीच्या एकाच मार्गावर, आल्या होत्या. मालकाने नव्या कार्डासाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते. एक पट्टी काढून मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये बसवली आणि एक्सएमपी सुरू केले, एवढ्यावर त्याची तक्रार मिटली. त्याला आधी मिळालेल्या सल्ल्याने जे नुकसान झाले असते, त्याचा विचार मनातून जात नाही, आणि हा लेख लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

आता तिसरा मुद्दा : सरासरी एफपीएस चांगला, तरीही झटके. सरासरी हा आकडाच येथे दिशाभूल करतो. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद. समजा एका सेकंदात ८५ फ्रेम्स प्रत्येकी १० मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि एकाच फ्रेमला १५० मिलिसेकंद लागले. त्या सेकंदाचा एफपीएस ८६ भरतो, म्हणजे आकडा उत्तम दिसतो, परंतु खेळणाऱ्याला चित्र स्पष्टपणे थबकलेले जाणवते. म्हणून झटक्यांची तक्रार असेल, तर एफपीएसऐवजी प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख पाहावा. कॅपफ्रेमएक्स किंवा आफ्टरबर्नर व रिव्हाट्यूनर यांची जोडी यांसारख्या मोफत साधनांतून तो मिळतो. आलेखातले सुळके केव्हा येतात, यावरून कारण ओळखता येते.

एखादा स्फोट, नवे शस्त्र किंवा नवा प्रदेश पहिल्यांदा दिसताना झटका बसत असेल आणि तीच गोष्ट दुसऱ्यांदा दिसताना बसत नसेल, तर शेडर तयार होण्याचे काम ऐन खेळात चालले आहे. शेडर म्हणजे पृष्ठभाग, प्रकाश, धूर इत्यादी कसे दिसावेत हे सांगणारे कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम. गेमिंग कन्सोलमध्ये हार्डवेअर ठरलेले असल्याने ते आधीच तयार करून देता येतात. संगणकावर मात्र प्रत्येक कार्ड आणि ड्रायव्हर यांच्या जोडीसाठी ते नव्याने तयार करावे लागतात, आणि हे काम प्रोसेसर करतो. ज्या गेमच्या निर्मात्यांनी ते सुरुवातीलाच उरकून घेण्याची सोय केलेली नाही, तो गेम शक्तिशाली कार्डावरही अडखळतो. कार्ड बदलल्यावर आधी साठवलेले शेडर निरुपयोगी होतात आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून तयार करावे लागतात, त्यामुळे या दुखण्यावर नवे कार्ड आणणाऱ्याच्या वाट्याला सुरुवातीला पुन्हा तेच झटके येतात. मुख्य पानावर शेडर तयार होत असल्याची पट्टी दिसत असेल, तर ती पूर्ण होऊ देणे हाच येथला उपाय आहे.

वेगाने गाडी चालवत नव्या भागात शिरताना झटके बसत असतील, तर गेम हार्ड डिस्कवर आहे का हे पाहावे. विखुरलेल्या लहान लहान फायली वाचताना हार्ड डिस्क एसएसडीच्या फार मागे पडते. खेळ सुरुवातीला सुरळीत चालून हळूहळू झटके वाढत असतील, तर कार्डाची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, भरत असल्याची शक्यता असते. ती अपुरी पडली की काही माहिती मुख्य रॅममध्ये ठेवावी लागते आणि ती आणण्याचा मार्ग व्हीरॅमपेक्षा अनेक पटींनी सावकाश असतो : कार्डाला मदरबोर्डशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या १६ लेनचा (मार्गिकांचा) वेग एका दिशेने सेकंदाला सुमारे ३२ गिगाबाइट, तर गेमिंग कार्डांच्या व्हीरॅमचा वेग शेकडो गिगाबाइटांत. येथे दोष कार्डाच्या मर्यादेचा आहे, हे खरे. तरीही टेक्स्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागावरील चित्रांची) सेटिंग एक-दोन पायऱ्या खाली आणल्याने तो बहुतेक वेळा दूर होतो आणि चित्रातला फरक पुष्कळदा लक्षातही येत नाही.

कार्डाचा काडीमात्र संबंध नसलेल्या झटक्यांचे एक नोंद झालेले उदाहरण येथे देणे योग्य ठरेल. मार्च २०२२ मध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी कंपनीने मान्य केले की, तिचे रायझन प्रोसेसर असलेल्या काही संगणकांमध्ये एफटीपीएम हे सुरक्षेचे वैशिष्ट्य सुरू असताना संपूर्ण संगणक अधूनमधून क्षणभर थबकतो, आणि त्याचे कारण मदरबोर्डवरील फ्लॅश चिपशी होणारी देवाणघेवाण हे आहे. त्यावर मे २०२२ पासून बायोसची सुधारित आवृत्ती उपलब्ध होऊ लागली. अशा संगणकात कोणतेही कार्ड बसवले असते, तरी झटके कायम राहिले असते.

शेवटचे विधान असे की, ड्रायव्हर अद्ययावत असेल तर तपासायचे काही उरत नाही. वास्तविक बरेच काही उरते, आणि त्यातले पुष्कळसे काही मिनिटांत पाहून होते. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टमध्ये तर लावलेली नाही ना, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ६० हर्ट्झवरच तर राहिलेला नाही ना, लॅपटॉप बॅटरीवर तर चाललेला नाही ना, कार्ड मुख्य १६ लेनच्या स्लॉटऐवजी खालच्या ४ लेनच्या स्लॉटमध्ये तर बसवलेले नाही ना, हे आधी पाहावे. ऑनलाइन गेममध्ये पात्र मागे खेचल्यासारखे होत असेल आणि फ्रेम्स मात्र सुरळीत असतील, तर तो इंटरनेट जोडणीचा किंवा सर्व्हरचा प्रश्न आहे. दोन्ही गोष्टींना 'लॅग' हाच शब्द वापरला जात असल्याने त्यांची गल्लत होते. नवा ड्रायव्हर नेहमीच अधिक चांगला असतो असेही नाही : अडचण अद्ययावत केल्यापासूनच सुरू झाली असेल, तर मागची आवृत्ती बसवून पाहणे हा योग्य उपाय आहे.

तापमानाकडे विशेष लक्ष द्यावे असे मी आग्रहाने म्हणेन. पहिली १०-१५ मिनिटे खेळ उत्तम चालून नंतर एफपीएस खाली येत असेल, तर उष्णतेचा संशय सर्वांत आधी घ्यावा. आजचे डेस्कटॉप प्रोसेसर मॉडेलनुसार साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या मर्यादेला पोचले की स्वतःच्या संरक्षणासाठी वेग कमी करतात. कार्डांचीही अशीच मर्यादा असते. एचडब्ल्यूइन्फोसारख्या साधनात तापमान आणि घड्याळगती शेजारी ठेवून पाहिली की तापमान मर्यादेला भिडताच गती कोसळताना दिसते. साचलेली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट (चिप आणि तिचा कूलर यांमधला उष्णता वाहून नेणारा लेप) आणि हवा खेळायला जागा नसलेली कॅबिनेट यांवरचा उपाय नव्या कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि अधिक उष्णता टाकणारे नवे कार्ड त्याच कॅबिनेटमध्ये बसवल्यास परिस्थिती आणखी बिघडते.

कार्डाचा वापर सातत्याने ९७ टक्क्यांच्या वर आहे, तापमान मर्यादेत आहे, रेझोल्यूशन उतरवताच एफपीएस वाढतो आणि ज्या सेटिंग्जवर तो पुरेसा होतो त्या आपल्याला मान्य नाहीत, एवढे सिद्ध झाल्यावर नवे कार्ड घेणे पूर्णपणे रास्त आहे. मात्र त्याही वेळी वर सांगितलेली १२८० × ७२० रेझोल्यूशनची चाचणी पुन्हा एकदा करावी आणि त्यात मिळणारा एफपीएस लिहून ठेवावा. कार्डावरचा भार जवळजवळ नाहीसा झाल्यावर जो आकडा मिळतो, तो आपल्या प्रोसेसरची आणि रॅमची त्या गेममधली साधारण कमाल मर्यादा असते. ती ७५ असेल, तर कार्ड कितीही मोठे आणले तरी त्याच सेटिंग्जवर ७५ च्या फारसे पुढे जाता येणार नाही, आणि १४४ च्या अपेक्षेने पैसे मोजणाऱ्याला हे खरेदीपूर्वीच कळलेले असावे.